जेम्स क्लार्क रॉसची उभी सूची

1 जून 1831. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बूथिया द्वीपकल्पावर ब्रिटिश नौदलाचा अधिकारी जेम्स क्लार्क रॉस याने नतिमापक, म्हणजे चुंबकसूची किती झुकते ते मोजणारं यंत्र, मांडलं. नतिकोन, म्हणजे सूचीचा आडव्या पातळीशी होणारा कोन, भरला 89 अंश 59 मिनिटं (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). चुंबकीय ध्रुवावर सूची सरळ उभी राहते, म्हणजे हा कोन 90 अंश होतो. आडव्या टांगलेल्या सूच्याही कुठल्याच दिशेला वळेनात. उत्तर चुंबकीय ध्रुव सापडला होता.

वयाच्या बाराव्या वर्षाआधीच नौदलात शिरलेल्या रॉसचं खरं कसब या यंत्रात दिसतं. होकायंत्राची सूची आडवी फिरते, तर नतिमापकाची आडव्या आसावर वर-खाली झुकते. यंत्र पाणसळीने सपाट करून सूची थेट उभी राहीपर्यंत फिरवायचं आणि तिथून 90 अंश वळवायचं, की ते चुंबकीय उत्तर-दक्षिण रेषेत येतं. ध्रुवाजवळ मात्र ही युक्ती लंगडी पडते, कारण सूची कोणत्याही दिशेला जवळपास उभीच असते.

मोठी डोकेदुखी म्हणजे सूचीचा गुरुत्वमध्य. तो आसापासून केसभर सरकला, तरी सूची स्वतःच्या वजनानेच झुकते. म्हणून दोन्ही टोकांची मापं घ्यायची, यंत्र 180 अंश फिरवून पुन्हा घ्यायची, सूची आसावर उलटी बसवून आणखी एकदा. शेवटी चुंबकपट्ट्या घासून तिचे ध्रुवच उलटवायचे आणि सगळं पहिल्यापासून. जड टोक आता विरुद्ध बाजूला जातं आणि सरासरीत चूक बरीचशी कटते. आसावरची धूळ किंवा गंज मात्र सरासरीने जात नाही. कडाक्याच्या थंडीत हे करायला चिवटपणाच हवा.

90 अंशांना उरलेलं 1 मिनिट म्हणजे ध्रुवापासून किती अंतर? पृथ्वी साधा दांडीचुंबक मानली, तर ध्रुवाजवळ नतिकोनात जेवढी तूट, त्याच्या साधारण दुप्पट कोनीय अंतर: इथे 2 मिनिटं, म्हणजे 2 सागरी मैल. तेवढी तफावत यंत्राच्या चुकीतही सहज बसते.

हाच हिशेब दक्षिण चुंबकीय ध्रुवाजवळही जुळतो. ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही जहाजं घेऊन रॉस जानेवारी 1841 मध्ये बर्फाचा पट्टा फोडून आज त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समुद्रात शिरला. फेब्रुवारीत नतिकोन 88 अंश 40 मिनिटं मिळाला. तूट 80 मिनिटांची, म्हणजे ध्रुव 160 सागरी मैलांवर. रॉसचा स्वतःचा अंदाजही 160 मैलांचाच होता. मध्ये डोंगराळ जमीन आणि गोठलेला समुद्र असल्यामुळे जहाजाने पुढे जाणं शक्यच नव्हतं.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय नोंदी सुरू झाल्या, त्याही 1841 मध्येच. पुढे विजेच्या ट्रामचा उपद्रव नको म्हणून ते काम अलिबागला हलवावं लागलं.