अनुदानातून पगार द्यायचा नाही?

‘अनुदानाचा पैसा फक्त कामावर खर्च करायचा, पगार, भाडे, हिशेबनीस हा वायफळ वरखर्च. तो जितका कमी तितकी संस्था प्रामाणिक.’ सामाजिक विकासाच्या अनुदानाबाबत हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यात लहान संस्थांचा जीव जातो.

संध्याकाळच्या अभ्यासिकेसाठी अनुदान मिळाले असे धरा. पुस्तके, टेबले मंजूर. पण कुलूप उघडणार कोण? हजेरी, व्हाउचर, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामीच खर्चल्याचा दाखला) कोण करणार? हिशेबनीस निम्मा वेळ या कामाला देत असेल, तर त्याचा निम्मा पगार हा या कामाचाच खर्च आहे. वेळेची नोंद ठेवून तो अंदाजपत्रकात उघडपणे मागावा. लपवला की पुढे लेखापरीक्षणात अडचण ठरलेलीच.

अमेरिकेत संस्थांची माहिती देणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स यांनी 2013 मध्ये देणगीदारांना खुले पत्र लिहून सांगितले, की केवळ वरखर्चाच्या टक्केवारीवरून संस्था जोखू नका. तिथल्या संघीय (केंद्र सरकारच्या) अनुदानांत, सरकारशी स्वतंत्र दर न ठरलेल्या संस्थांना अप्रत्यक्ष खर्चासाठी, म्हणजे वरखर्चासाठी, मिळणारी 10 टक्क्यांची सोय 2024 मध्ये 15 टक्क्यांपर्यंत वाढली.

अर्थात मर्यादा योजनेगणिक बदलते, काही ठिकाणी पगाराला सक्त मनाईही असते. म्हणून अर्जापूर्वी ‘मान्य खर्च’ हा भाग ओळ न ओळ वाचा आणि शंका असेल तर अनुदान देणाऱ्यांना लेखी विचारा.