अमेरिकेतल्या काउंटी मृत्यूनोंदी आणि घराण्याचा शोध

काउंटी मृत्यूनोंद म्हणजे अमेरिकेत एखादा माणूस ज्या काउंटीत वारला तिथल्या सरकारी दफ्तरात झालेली त्याच्या मृत्यूची नोंद. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा, पण बहुतेक वेळा आकाराने बराच लहान, आणि अशा काउंट्या तिथे 3,000 हून जास्त आहेत. घराण्याचा इतिहास शोधणारे या नोंदीच्या मागे लागतात कारण तिच्यात नुसती तारीख नसते, आईवडिलांची नावं, जन्मस्थान, वय, धंदा, माणूस कशाने गेला, कुठे पुरला, असं बरंच काही एका ओळीत नाहीतर एका कागदावर सापडू शकतं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत आता तिकडच्या सुना-जावई असतात, नातवंडांची वंशावळ मांडायला बसलं की एक बाजू कोकणात नाहीतर देशावर जाते आणि दुसरी ओहायो नाहीतर केंटकीत, म्हणून हा विषय आपल्यालाही उपयोगाचा आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायला हवी: अमेरिकेत संपूर्ण देशाचं एकच मृत्यूरजिस्टर नाही. नोंदणी हा राज्यांचा विषय आणि प्रत्येक राज्याने आपापल्या वेळी कायदा केला. मॅसॅच्युसेट्सने 1841 मध्येच राज्यभर नोंदणी सुरू केली, पेनसिल्व्हेनियाची राज्यपातळीवरची नोंदणी 1906 पासून, मिसूरीची 1910 पासून, जॉर्जियाची तर 1919 पासून. केंद्र सरकारने 1880 मध्ये मृत्यूनोंदणी क्षेत्र, म्हणजे ज्यांच्या नोंदी देशाच्या आकडेवारीत धरायच्या ती राज्यं आणि शहरं, ठरवलं तेव्हा त्यात दोनच राज्यं, राजधानी आणि काही शहरं होती, 1900 मध्ये 10 राज्यं झाली, आणि शेवटी 1933 मध्ये टेक्सास आल्यावर कुठे सगळी राज्यं त्यात आली. त्या त्या राज्याची नोंदणी सुरू होण्याआधीचं जे काही आहे ते बहुतेक ठिकाणी काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये, म्हणून तर शोध काउंटीपासून सुरू करावा लागतो.

म्हणजे नाव टाइप करण्याआधी दोन प्रश्न विचारायचे, माणूस नक्की कुठे वारला आणि त्या वर्षी तिथे नोंद कोण ठेवत होतं. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं आणि लोक नेमकं हेच सोडून थेट सर्चच्या चौकटीत नाव टाकतात. ओहायोत 1867 ते 1908 या काळातल्या नोंदी प्रोबेट कोर्टात, म्हणजे मृत्युपत्रं आणि वारसाहक्क बघणाऱ्या कोर्टात असतात. पेनसिल्व्हेनियात 1893 ते 1905 च्या नोंदी काउंटीच्या ऑर्फन्स कोर्टाकडे, नाव अनाथांचं असलं तरी तेही वारसाहक्काचंच कोर्ट. इलिनॉयमध्ये 1877 च्या कायद्यानंतर काउंटी क्लार्ककडे, इंडियानात 1882 पासून आरोग्यखात्याकडे. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आजूबाजूच्या ईशान्येकडच्या राज्यांत, तर काउंटीला या बाबतीत फार अर्थच नाही, तिथे नोंदी गावाच्या टाउन क्लार्ककडे. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात, आणि मिसूरीतलं सेंट लुईस शहर 1876 पासून काउंटीतून वेगळं झालंय, त्यामुळे शहरात वारलेल्या माणसाला सेंट लुईस काउंटीच्या वहीत शोधत बसलं तर तो तिथे असणारच नाही.

मिशिगनची जुनी वही कशी असते ते बघण्यासारखं आहे. 1867 च्या कायद्याप्रमाणे टाउनशिपचा, म्हणजे काउंटीतल्या एका छोट्या विभागाचा, सुपरवायझर वर्षातून एकदा घरोघर फिरून आदल्या वर्षी कोण कोण गेलं ते लिहून घ्यायचा आणि मग ते काउंटी क्लार्कच्या मोठ्या रजिस्टरमध्ये उतरवलं जायचं. एका माणसाला एक आडवी ओळ: मृत्यूची तारीख, नाव, पुरुष की बाई, रंग, लग्न झालेलं की नाही, वय वर्षं-महिने-दिवस अशा तीन रकान्यांत, मृत्यूचं ठिकाण, कारण, जन्मस्थान, धंदा, आईवडिलांची नावं आणि त्यांचं राहण्याचं ठिकाण, शेवटी नोंद केल्याची तारीख. ही शेवटची तारीख नीट बघायची, कारण ती मृत्यूनंतर कित्येक महिन्यांनी पडलेली असते आणि तेवढ्या काळात घर बदलून गेलेलं कुटुंब सुपरवायझरला भेटलंच नाही तर ती नोंद झालीच नाही. मृत्यू घडल्यावर लगेच नोंदवायची सक्ती तिथे 1897 च्या कायद्याने आली. आपल्याकडे कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14 ज्यांनी कधी चाळलंय त्यांना असल्या वह्यांचा स्वभाव ओळखीचा वाटेल, लिहिणारा बदलला की अक्षर बदलतं, नाव लिहायची पद्धत बदलते आणि काही वर्षं तर पानंच्या पानं पातळ होतात.

वर्षं-महिने-दिवस दिलेले असले की जन्मतारीख मागे मोजून काढता येते आणि जन्मनोंद नसलेल्या माणसासाठी कित्येकदा तोच एक धागा असतो. कारणाच्या रकान्यात जुने शब्द येतात, कन्झम्प्शन म्हणजे क्षय, ड्रॉप्सी म्हणजे अंगावर आलेली सूज. लहान मुलांच्या ओळी एकाखाली एक घटसर्प किंवा गोवराने भरलेल्या दिसल्या की त्या वर्षी त्या टाउनशिपमध्ये काय झालं असेल ते कळतं, मन घट्ट करूनच ती पानं वाचावी लागतात.

विसाव्या शतकातलं सर्टिफिकेट वेगळं असतं. त्यात एका भागात माणसाची वैयक्तिक माहिती, दुसऱ्या भागात डॉक्टरने लिहिलेलं कारण, आणि दफनाची माहिती अंत्यविधी करणाऱ्याकडून आलेली. वैयक्तिक माहितीखाली ती सांगणाऱ्याचं नाव असतं आणि नवख्यांचं तिकडे लक्षच जात नाही. डॉक्टरने मृत्यूची तारीख स्वतः बघून लिहिलेली असते, पण मेलेल्या म्हाताऱ्याच्या आईचं माहेरचं नाव जर जावयाने किंवा शेजाऱ्याने सांगितलं असेल तर ते ऐकीव आहे असंच धरायचं. त्या रकान्यात सरळ ‘माहीत नाही’ असंही लिहिलेलं सापडतं. म्हणून एकाच कागदावरची एक गोष्ट पक्की आणि दुसरी कच्ची असू शकते, दोन्ही एकाच मापाने मोजायच्या नाहीत.

नोंद होते ती मृत्यूच्या जागी, थडग्याच्या जागी नाही. मुलीकडे राहायला गेलेली म्हातारी किंवा शेजारच्या काउंटीतल्या हॉस्पिटलात वारलेला माणूस पुरला जातो आपल्या गावात आणि नोंद राहते दुसरीकडे. आनंदीबाई जोशींचं उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे: त्या 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात वारल्या, पण त्यांच्या अस्थी अमेरिकेत त्यांना आधार देणाऱ्या कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीच्या दफनभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या गेल्या. दगड तिथे उभा आहे, त्यावर नाव आहे, तरी डचेस काउंटीत त्यांची मृत्यूनोंद शोधण्यात अर्थ नाही.

काउंटीच्या सीमाही हलत राहिल्या. शेत तिथेच, घर तिथेच, पण मधल्या काळात नवी काउंटी निघाली की दफ्तर बदलतं. वेस्ट व्हर्जिनिया तर 1863 पर्यंत व्हर्जिनियाचाच भाग होता. अशा वेळी शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने केलेला काउंटी सीमांचा ऐतिहासिक अॅटलास फार कामाला येतो, तारीख टाकली की त्या दिवशीची हद्द दिसते.

काही दफ्तरं जळून गेली. 8 ऑक्टोबर 1871 ला शिकागोत आग लागली त्यात कुक काउंटीचं कोर्टहाउस गेलं आणि त्याआधीच्या नोंदीही गेल्या, सिनसिनाटीचं कोर्टहाउस 1884 च्या दंगलीत जळलं. तिथे मग आजूबाजूने जावं लागतं: चर्चची दफनवही, दफनभूमीच्या ऑफिसातलं रजिस्टर, जुनी वर्तमानपत्रं, मृत्युपत्राची फाइल, कॉरोनरची, म्हणजे अकस्मात मृत्यूंचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी. 1850, 1860, 1870 आणि 1880 च्या जनगणनेसोबत एक मृत्यूयादीही केलेली होती, 1 जूनच्या आधीच्या 12 महिन्यांत कोण गेलं त्याची. ती अपुरी आहे, पण ज्या काउंटीत दुसरं काहीच नाही तिथे तीच आधार.

गुलामीत असलेल्या लोकांच्या वंशजांसाठी या जुन्या नोंदींचं मोल फार आहे. केंटकीने 1852 मध्ये आणि व्हर्जिनियाने 1853 मध्ये नोंदणीचे कायदे केले, त्या वह्यांत गुलामांचे मृत्यूही लिहिले गेले, बहुतेकदा नुसतं पहिलं नाव आणि पुढे मालकाचं नाव, कधी तेवढंही नाही. 1870 च्या आधीच्या जनगणनेत गुलामीतल्या माणसांना नावाने लिहिलेलं जवळपास नसतंच, त्यामुळे त्या एका ओळीतलं वय आणि मालकाचं आडनाव यावरून कुटुंबं एक पिढी मागे गेलेली आहेत. व्हर्जिनियाच्या वह्या 1896 ला थांबतात आणि राज्याची नोंदणी 1912 ला परत सुरू होते, मधल्या काळाला तिथे मोठी भोकं आहेत.

आता प्रत्यक्ष शोधायचं कुठे, तर पहिल्यांदा फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटच्या कॅटलॉगमध्ये, माणसाच्या नावाने नाही तर काउंटीच्या नावाने. कित्येक रजिस्टरांचे फोटो तिथे फुकट आहेत, पण सगळ्यांची नावांची सूची झालेली नाही, म्हणून सर्चमध्ये नाव आलं नाही याचा अर्थ नोंद नाही असा होत नाही. फोटो उघडून वहीच्या सुरुवातीला किंवा शेवटी हाताने केलेली अनुक्रमणिका बघायची, आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे असते, तिथून पान नंबर घ्यायचा. स्पेलिंगवर अडून बसायचं नाही, क्लार्कने जे ऐकलं ते लिहिलं. मिसूरीची 50 वर्षांहून जुनी सर्टिफिकेटं राज्याच्या साइटवर फुकट बघता येतात, वेस्ट व्हर्जिनिया आणि अॅरिझोनाचीही जुनी सर्टिफिकेटं अशीच खुली आहेत.

अलीकडच्या नोंदींना बंधन असतं: पेनसिल्व्हेनियात 50 वर्षं, टेक्सासात 25 वर्षं, तोवर फक्त जवळच्या नातेवाइकांना. पण वंशावळीसाठी सही-शिक्क्याची प्रत लागतच नाही. कॅलिफोर्नियात माहितीपुरती प्रत कोणीही मागू शकतं, तिच्यावर ओळख पटवण्यासाठी चालणार नाही असा शेरा छापलेला असतो एवढंच. छोट्या काउंटीच्या क्लार्कला पत्र लिहिताना पूर्ण नाव, नावाची एक-दोन वेगळी स्पेलिंगं आणि दोन-तीन वर्षांचा अंदाज द्यावा, फी आधी विचारून घ्यावी, आणि रजिस्टरची नुसती टाइप केलेली नक्कल न मागता मूळ ओळीची फोटोकॉपी मागावी, कारण टाइप करताना सगळे रकाने उतरवले जातातच असं नाही.