धरण उभंच राहिलं

जुलैत मुंबईकर पेपरात आधी तलावांचे आकडे बघतो. तानसासारखे तलाव भरले की पाणीकपातीचं सावट जातं. धरण फुटणं म्हटलं, की आठवतं १९६१चं पानशेत. पण इटलीतल्या वायोंतचं धरण फुटलंच नाही. २६१.६ मीटर उंचीची ती काँक्रीटची कमान, आपल्या मध्य वैतरणाच्या अडीच पट, आजही त्या घळीत उभी आहे. फुटला तो डोंगर.

९ ऑक्टोबर १९६३, रात्री १०.३९. मोंते तोक डोंगराची अख्खी कूस जलाशयात कोसळली. सुमारे २७ कोटी घनमीटर दगडमाती; आपल्या तानसात पाणी मावतं साडेचौदा कोटी. धरणावरून उसळलेल्या लाटेने काही मिनिटांत खालचं लोंगारोने गाव पुसून टाकलं. १,९०० हून अधिक माणसं गेली.

डोंगर का सरकला? गरम पाण्याने धुतलेली वाटी ओल्या ओट्यावर उपडी ठेवली, की कधी कधी आपोआप घसरत जाते. आत कोंडलेली हवा तिला किंचित उचलून धरते. वाटीचं वजन तेवढंच, पण ओट्यावरचा भार कमी होतो आणि घर्षणही. मोंते तोकच्या चुनखडकात दरीकडे उतरत्या थरांमध्ये चिकणमातीचे पातळ पापुद्रे होते. जलाशय चढला तसं पाणी खडकात मुरलं आणि त्याच्या दाबाने वरचा खडक तसाच उचलून धरला. अवघड भाग पुढेच आहे. जलाशय उतरवला तरी डोंगरात मुरलेलं पाणी तितक्या लवकर उतरत नाही. पाणी सावकाश वरखाली करून डोंगराला काबूत ठेवता येईल, हा हिशेब तिथेच चुकला. शेवटच्या दिवसांत पाणी उतरवत असतानाही डोंगर दिवसाला सुमारे २० सेंटिमीटर सरकत होता.

कुणालाच कळलं नव्हतं असंही नाही. तिथे फार जुनी, प्रचंड दरड आहे, हे १९५९ मध्येच एदोआर्दो सेमेंझा या भूवैज्ञानिकाने ओळखलं होतं. धरणाचा आराखडा त्याच्याच वडिलांचा! नोव्हेंबर १९६० मध्ये सुमारे सात लाख घनमीटरची दरड कोसळली, डोंगरावर दोन किलोमीटर लांब भेग पडली. वरच्या एर्तो गावातल्या लोकांची भीती पत्रकार तीना मेर्लिन हिने छापली, तर तिच्यावरच खोट्या बातम्या पसरवल्याचा खटला झाला. ती निर्दोष सुटली. पण तिचं म्हणणं मनावर कुणी घेतलं नाही, याची मला आजही चीड येते.

लोंगारोनेजवळच्या फोर्तोन्यात, बळींच्या स्मशानभूमीत आज पांढऱ्या संगमरवराचे १,९१० सारखे दगड ओळीने उभे आहेत. २००३च्या सुमारास ते बसवताना घरच्यांनी स्वतः उभारलेल्या समाध्या आणि त्यांवरचे फोटो हटवले गेले. ते दुःख अनेक कुटुंबांनी बोलून दाखवलं.