रक्त (मानवी)

रक्त हे शरीरात अखंड फिरणारे द्रवरूप ऊतक आहे. प्रौढ माणसात ते साधारण ५ लिटर, म्हणजे वजनाच्या ७ ते ८ टक्के असते. माणूस शांत बसलेला असतानाही हृदय मिनिटाला जवळपास तेवढेच रक्त पुढे ढकलते. हे रक्त एका बंद वाटेने फिरून हृदयाकडेच परत येते, हे विल्यम हार्वी या इंग्रज वैद्याने १६२८ मध्ये दाखवून दिले. त्याआधी युरोपात प्राचीन ग्रीक वैद्य गेलन याची शिकवण चालत होती: यकृतात रक्त नव्याने तयार होते आणि अवयवांत जिरून जाते.

रक्तात काय काय आहे हे प्रयोगशाळेतल्या नळीत उघड दिसते. जांभळ्या बुचाच्या नळीत ईडीटीए हे रसायन असते. ते रक्तातले कॅल्शियम बांधून टाकते, आणि कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही. अशी नळी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने गरगर फिरणाऱ्या यंत्रात, फिरवली की थर वेगळे होतात. वर पिवळसर, पारदर्शक रक्तद्रव म्हणजे प्लाझ्मा, सुमारे ५५ टक्के. तळाशी तांबड्या पेशींचा गर्द थर, सुमारे ४५ टक्के. दोहोंच्या मधली पांढुरकी पट्टी पटकन नजरेत भरत नाही. ती एक टक्क्याच्या आसपासच असते. पण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स तिथेच असतात, म्हणजे जंतूंशी लढणारे आणि रक्तस्राव थांबवणारे पेशीबळ एवढ्याशा थरात सामावलेले आहे.

प्लाझ्मात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. त्यात ग्लुकोज, क्षार, संप्रेरके, युरिया आणि मुख्यतः प्रथिने विरघळलेली असतात. अल्ब्युमिन हे प्रथिन पाणी रक्तवाहिन्यांच्या आत धरून ठेवते. यकृत बिघडले किंवा कुपोषण झाले की ते कमी पडते, पाणी बाहेर झिरपते आणि पायांवर सूज येते. ग्लोब्युलिन नावाच्या प्रथिनांपैकी काही प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंसारख्या परक्या गोष्टींना चिकटणारी प्रथिने, असतात. फायब्रिनोजेन रक्त गोठण्यासाठी लागते. रक्ताचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राहावा लागतो. फुप्फुसे आणि मूत्रपिंडे तो क्षणोक्षणी सांभाळत असतात.

तांबडी पेशी दोन्ही बाजूंनी बोटाने दाबलेल्या पेढ्यासारखी असते, व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर. तिला केंद्रक नसते. परिपक्व होताना ती ते टाकून देते आणि ती जागा हिमोग्लोबिनला मिळते. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू, आणि प्रत्येक अणूवर ऑक्सिजनचा एक रेणू. नुसत्या पाण्यात ऑक्सिजन फारच थोडा विरघळतो. हिमोग्लोबिन नसते तर एवढ्या मोठ्या शरीराचा श्वास चाललाच नसता.

ऑक्सिजन उचलण्याइतकेच तो सोडणेही महत्त्वाचे आहे. काम करणाऱ्या स्नायूत उष्णता वाढते, कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता वाढते, आणि नेमक्या याच गोष्टींनी हिमोग्लोबिनची पकड सैल होते. जिथे गरज जास्त, तिथे ऑक्सिजन जास्त सुटतो. परतीच्या वाटेवर कार्बन डायऑक्साइड बहुतांशी बायकार्बोनेटच्या रूपात प्लाझ्मातून फुप्फुसांकडे जातो. कार्बन मोनॉक्साइड मात्र हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपणे जिवावर बेतते ते यामुळेच. ऑक्सिजन कमी झालेले रक्तही गर्द लालच असते; शिरा निळसर दिसतात त्या त्वचेतून प्रकाश ज्या रीतीने परततो त्यामुळे.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. मोडकळीस आलेल्या पेशी मुख्यतः प्लीहेत व यकृतात नष्ट होतात. त्यातले लोह पुन्हा वापरले जाते आणि उरलेल्या भागाचे बिलिरुबिन होऊन पित्तावाटे बाहेर पडते. ही तूट भरून काढायला अस्थिमज्जा सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी तयार करते. त्यासाठीचा संदेश मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाने जातो. म्हणून मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांत रक्तक्षय हमखास आढळतो.

हिमोग्लोबिनच्या एका साखळीत फक्त एक अमिनो आम्ल बदलले की सिकलसेल आजार होतो. पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. महाराष्ट्रात विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर आणि उत्तरेकडील नंदुरबार या भागांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. आईवडील दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांकडेही बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असेल, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्नाआधीची साधी रक्ततपासणी इथे खरोखर मोलाची आहे.

पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरला साधारण ४,००० ते ११,००० असतात. न्यूट्रोफिल जंतू गिळतात, लिम्फोसाइट प्रतिपिंडे बनवतात आणि ओळखीचा जंतू लक्षात ठेवतात. लस काम करते ती या स्मृतीच्या जोरावर. प्लेटलेट्स दीड ते साडेचार लाख असतात. वाहिनी फाटताच त्या तिथे चिकटून तात्पुरते बूच तयार करतात. मग रक्त गोठवणारे घटक एकामागून एक जागे होतात, शेवटी थ्रॉम्बिन तयार होते आणि ते विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे फायब्रिनच्या धाग्यांत रूपांतर करते. या धाग्यांच्या जाळ्यात पेशी अडकून गुठळी घट्ट होते. एखादा घटक जन्मतः कमी असला तर हिमोफिलिया होतो. उलट, नको तिथे गुठळी झाली तर हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात.

रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये लावला. तांबड्या पेशीवर ए किंवा बी प्रतिजन (पृष्ठभागावरची ओळखखूण) आहे, दोन्ही आहेत की एकही नाही, यावरून गट ठरतो. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी यात एक नवी भर घातली. ए आणि बी प्रतिजन ज्या पायावर उभे राहतात तो एच प्रतिजनच काही व्यक्तींत नव्हता. या गटाला बॉम्बे रक्तगट म्हणतात. नेहमीच्या चाचणीत अशी व्यक्ती ‘ओ’ गटाची वाटते. पण तिचे सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) ‘ओ’ गटाच्या पेशींत मिसळले की त्या पेशींचे गठ्ठे होतात, कारण तिच्यात एचविरोधी प्रतिपिंडे असतात. तिला ‘ओ’ रक्त दिले तर जीव जाऊ शकतो; फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. आणखी एक गोष्ट: तिच्यात ए किंवा बीचे जनुक व्यक्त न होता दडलेले असू शकते, त्यामुळे ‘ओ’ समजल्या गेलेल्या पालकाला एबी गटाचे मूल होऊ शकते. केवळ गट जुळत नाही म्हणून मातृत्व-पितृत्वावर शंका घेणे चूक ठरते ते अशा वेळी.

रक्त कारखान्यात तयार होत नाही, ते माणसाकडूनच मिळते. एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर घेतात. रक्तपेढीत त्याचे घटक वेगळे करतात: तांबड्या पेशी शीतकपाटात ३५ ते ४२ दिवस टिकतात, गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर, प्लेटलेट्स मात्र सतत हलत्या ठेवूनही पाचच दिवस. दात्याचा प्लाझ्मा एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात. म्हणून भारतात दोन रक्तदानांमध्ये पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी १२० दिवसांचे अंतर ठेवले आहे.