काका, मोजे काढा

शेजारचे काका संध्याकाळी फिरून आले, पायरीवर बसून बूट काढले, आणि आतून नातवाच्या मोटारीचं चाक घरंगळत बाहेर आलं. तासभर ते तळव्याखाली होतं. मोज्याला रक्ताचा डाग, चवड्याला जखम, आणि काका म्हणतात, "मला कळलंच नाही!" मधुमेह होऊन त्यांना सतरा वर्षं झाली. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जातात; साखर बघितली जाते, बीपी घेतलं जातं, गोळ्या बदलतात. पाय कुणी बघितले नव्हते.

शरीरातले सगळ्यात लांब मज्जातंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात आणि साखरेचा मार आधी त्यांच्या टोकांना बसतो. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. घाम आणणारे तंतू निकामी झाले की कातडी कोरडी पडून टाचांना भेगा जातात. स्नायूंचे तंतू गेले की बोटं आकसतात, सगळा भार चवड्यावर येतो आणि तिथे घट्टा धरतो. घट्टा म्हणजे बुटात कायमचा राहिलेला खडाच. त्याच्याखाली जखम होते आणि वरून काही दिसत नाही.

मधुमेह असलेल्या शंभरांतल्या 19 ते 34 जणांना आयुष्यात कधी ना कधी पायाला अशी जखम होते. ज्यांचा पाय किंवा बोट कापावं लागतं, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात असल्याच एखाद्या क्षुल्लक जखमेने झालेली असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. एवढे पाय बघणार कोण? ब्रिटनमध्ये पायांचेच तज्ज्ञ असतात, त्यांना पोडियाट्रिस्ट म्हणतात. आपल्याकडे ते शोधून सापडत नाहीत. बाहेर रांग लागलेली असताना डॉक्टर कुणाच्या बुटाच्या नाड्या सुटण्याची वाट बघत बसणार नाहीत. उरतात सिस्टर.

माझं मत विचाराल तर हे काम त्यांनीच करावं. त्याला यंत्र लागत नाही. नायलॉनचा एक दोरा येतो, मोनोफिलामेंट नावाचा. दहा ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. आधी तो हाताला लावून दाखवायचा, म्हणजे स्पर्श कसा असतो ते पेशंटला कळतं. मग त्याला डोळे मिटायला सांगून तळव्यावर ठरावीक जागी टेकवायचा. घट्ट्यावर मात्र नाही. दोरा वाकला आणि पेशंट गप्प राहिला, की समजायचं, तिथली जाणीव गेली. दोराही नसेल तर दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपलं बोट हलकेच टेकवायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पायाची जाणीव कमी झाली आहे.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. वेल्लोरला 1946 मध्ये आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की कुष्ठरोग्यांचे हातपाय आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून जखमा वाढत जातात. पुढे अमेरिकेत गेल्यावर हेच त्यांनी मधुमेहींच्या पायांना लावलं. रोज पाय बघा, पाण्यात भिजवा, तेल लावा, मऊ रबराच्या चपला घाला, हे कुष्ठरोग्यांना शिकवणाऱ्यांतले बहुतेक जण डॉक्टर नव्हते. मधुमेहींसाठी यातलं एकच बदलायचं: पाय भिजवत ठेवायचे नाहीत, धुऊन कोरडे करायचे.

मर्यादा मात्र आखून घ्यायला हवी. परदेशातल्या कित्येक रुग्णालयांत मधुमेहींची नखं नर्सनी कापायचीच नाहीत असा नियम आहे. मला तो भित्रेपणाचा वाटतो. पायाची नाडी नीट लागत असेल तर साधी नखं सरळ कापायला शिकलेली सिस्टर पुरे. घट्ट्याला ब्लेड लावणं वेगळं. त्याला खास प्रशिक्षण हवं. नाडी लागत नाही, बोट काळं पडलंय, जखमेला वास येतोय, तर त्याच दिवशी डॉक्टर. पाय सुजलेला, लाल, हाताला गरम लागतो पण फारसा दुखत नाही, हे तर सगळ्यात फसवं. आत हाडं ठिसूळ होऊन मोडत असू शकतात आणि माणूस त्यावरच चालत राहतो.

आणि हो, एका वॉर्डात आधीच तिघींचं काम करणाऱ्या सिस्टरवर हेही ढकलायचं, तर नुसते रकाने भरले जातील. आठवड्यातली एक सकाळ फक्त पायांसाठी द्यायला हवी.

काकांच्या जखमेला सहा आठवडे ड्रेसिंग लागलं. ते करणाऱ्या सिस्टरांनी दुसऱ्याच दिवशी दुसराही मोजा काढायला लावला. बोटांच्या बेचक्यात चिखल्या सापडल्या. काकू रोज प्रेमाने तिथे मुठेल, म्हणजे घरगुती तेल, चोळत होत्या. "टाचेला खुशाल लावा, बेचक्यात नको, ती कोरडी ठेवा," सिस्टर म्हणाल्या, "आणि बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही."

आता रोज सकाळी सहाला काका पायरीवर बूट उलटे करून आपटतात. मला जाग येते ती त्या आवाजानेच.