सरावभार नियोजन (तरुण फुटबॉलपटूंचे)

आठवडाभराचा सराव आणि सामने यांचा खेळाडूच्या शरीरावर पडलेला ताण मोजून पुढच्या आठवड्याचे काम ठरवण्याची पद्धत. नुकताच क्लबशी करार झालेल्या 16 ते 21 वयाच्या खेळाडूंना तिची गरज सर्वांत जास्त, कारण सराव एकदम वाढतो आणि शरीर अजून घडत असते.

मोजणीला धावलेले अंतर आणि वेग टिपणारे जीपीएसचे जॅकेट असले तर उत्तम, पण वही आणि घड्याळावरही काम भागते. अमेरिकी अभ्यासक कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली रीत सोपी आहे. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने ‘आजचा सराव किती जड गेला?’ असे विचारून 0 ते 10 मधला आकडा घ्यायचा आणि सरावाच्या मिनिटांनी गुणायचा. 75 मिनिटे आणि आकडा 6, तर भार 450. सगळ्यांना रांगेत उभे करून विचारू नये. पहिला ‘चार’ म्हणाला की मागचेही चारच म्हणतात. संघातून वगळतील या भीतीने मुले आकडा कमी सांगतात, म्हणून एकेकाला बाजूला घेऊन विचारावे.

धोका मोठ्या भारापेक्षा अचानक वाढलेल्या भाराचा. आठवड्याच्या भारांची बेरीज 1,600 वरून पुढच्याच आठवड्यात 2,500 वर गेली की मांडीमागचा स्नायू किंवा जांघ धरते. चालू आठवडा भागिले मागच्या चार आठवड्यांची सरासरी, हे गुणोत्तर मध्यंतरी फार गाजले. त्याच्या गणितावर रास्त आक्षेप आहेत, तेव्हा त्याला इशाऱ्यापुरतेच वापरावे. दिवाळीला दोन आठवडे घरी राहून आलेल्या मुलाला निम्म्या भाराने सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत आणावे.

सामना रविवारी असेल तर सोमवारी हलके काम, बुधवार-गुरुवारी सर्वांत जड, शनिवारी थोडकेच. पूर्ण वेगाच्या धावा आठवड्यातून एकदोनदा हव्यातच. सरावात कधीच सुसाट न धावलेला खेळाडू सामन्यात धावतो आणि मांडी धरून बसतो. बाकावर बसून राहिलेल्यांकडून सामन्यानंतर वेगळे पळून घ्यावे, नाहीतर त्यांचा भार नकळत घसरतो.

अकादमीतल्या लहान मुलांची उंची दर महिन्याला मोजावी. झपाट्याने वाढ होत असताना गुडघ्याच्या वाटीखालचा हाडाचा उंचवटा किंवा टाच दुखू लागते. अशा वेळी उड्या आणि किक कमी कराव्यात. ‘वाढीचे दुखणे’ म्हणून तसेच खेळवू नये.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो, मैदानेही मुरमाड आणि कडक. डिसेंबरात 5 वाटणारा तासाभराचा सराव तेव्हा 7 वाटू शकतो. भार 300 चा 420 होतो. सराव सकाळी आठच्या आत आटोपावा. आधी आणि नंतर वजन करावे: 60 किलोच्या मुलाचे 1.2 किलो घटले तर ती 2 टक्के घट झाली, आणि पुढच्या काही तासांत दीड-पावणेदोन लिटर पाणी थोडे थोडे, खारट काहीतरी जोडीला घेऊन, प्यायला हवे. शेंगाचटणी-भाकरीसोबतचे मीठ घातलेले ताक यासाठी चांगले.

इथला मोठा घोळ मात्र न नोंदलेल्या भाराचा. सुट्टीत घरी आलेला मुलगा सकाळी जुन्या शाळेच्या मुलांत, संध्याकाळी गल्लीच्या स्पर्धेत खेळतो आणि पुण्या-मुंबईच्या प्रशिक्षकाला पत्ता नसतो. म्हणून वही खेळाडूजवळच असावी, आणि गल्लीतली 40 मिनिटेही तीत चढावीत.