वन्य माशांचा जनुकीय वारसा आणि मानवी हस्तक्षेप

मासेमारी, धरणे, मत्स्यबीज (माशांची पिल्ले) सोडणे, नद्या जोडणे आणि प्रदूषण यांमुळे नैसर्गिक पाण्यातील माशांच्या पिढीजात गुणांत होणारा बदल. मासे घटले की बाजारात लगेच कळते. एकाच जातीच्या दोन नद्यांतील माशांमधला फरक पुसला गेला, तर कोळ्यालाही पत्ता लागत नाही.

इंदूर या दृष्टीने मोक्याच्या जागी वसले आहे. शहराचे पाणी खान नदीतून क्षिप्रा, चंबळ, यमुना असे करत गंगेला जाते; महूच्या बाजूचा घाट उतरला की चोरल नदी बडवाहजवळ नर्मदेला मिळते. मधल्या जलविभाजकामुळे, म्हणजे पाणी दोन दिशांना वाटणाऱ्या उंचवट्यामुळे, दोन्ही खोऱ्यांतील मासे दीर्घकाळ वेगवेगळे वाढले. १९७८ पासून जलूदहून नर्मदेचे पाणी इंदूरकरांच्या नळांना येते. ते शुद्ध होऊन येते. २०१४ मध्ये मात्र नर्मदा-क्षिप्रा जोडयोजनेने हेच पाणी थेट क्षिप्रेत सोडले गेले. अशा जोडणीतून अंडी आणि पिल्लेही पलीकडे जाऊ शकतात, आणि एकदा मिसळलेले वंश पुन्हा वेगळे करता येत नाहीत. योजनेच्या चर्चेत खर्च, वीज आणि पाणी यांच्या जोडीला हा मुद्दाही यायला हवा होता.

नर्मदेतला महाशीर, म्हणजे स्थानिक बोलीतला बाडस, २०११ मध्ये मध्य प्रदेशचा राज्यमासा ठरला. पावसाळ्यात हा मासा प्रवाहाविरुद्ध चढतो आणि खडीच्या तळावर, वाहत्या पाण्यात अंडी घालतो. बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर अशा धरणांनी ही वाट तुकड्यांत तोडली. तुकड्यात अडकलेला गट लहान असेल तर नात्यातल्या माशांचेच मीलन होते आणि विरळ जनुके केवळ योगायोगाने गळून जातात.

यावर उपाय म्हणून बीज सोडले जाते, आणि खरी काळजी इथेच घ्यावी लागते. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पियुषिका ग्रंथीच्या अर्काने भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन साधले. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज मुबलक झाले. देशाच्या ताटातला मासा त्यामुळे वाढला, हे उपकार मोठेच. पण एक मादी लाखो अंडी देते, त्यामुळे मोजक्या जोड्यांवर अख्खा जलाशय भरता येतो आणि त्यातील सगळे मासे भावंडे निघतात. वेगवेगळ्या जातींचे प्रजनक एकाच कुंडात सोडले तर संकर होतो, आणि त्यांतले काही संकर प्रजननक्षमही असतात. पुरात ते नदीत उतरतात.

कावेरीचे उदाहरण थोडे वेगळे आहे. ब्रिटिश निसर्गअभ्यासक साईक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून वर्णिलेला खुद्री महाशीर लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवून दूरदूरच्या नद्यांत सोडला गेला. कावेरीत तो इतका फोफावला की तिथला कुबड्या महाशीर मागे पडला. या कुबड्या महाशिराची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये पक्की झाली, तीही तो अतिसंकटग्रस्त असताना. खुद्री सोडण्यामागचा हेतू संवर्धनाचाच होता.

जाळेही निवड करते. मोठ्या आसेच्या (छिद्रांच्या) जाळ्यातून लहान मासे सुटतात आणि लवकर, लहान वयात अंडी देणाऱ्यांचा वंश वाढतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन प्रयोगात टाकीतले मोठे मासे सतत काढले, तेव्हा चारच पिढ्यांत उरलेल्यांची वाढ खुंटली. कॅनडाच्या किनाऱ्यावरील कॉड मासे १९९२ च्या मासेमारीबंदीपूर्वीच कमी वयात प्रजननक्षम होऊ लागले होते. अमेरिकेच्या हडसन नदीतल्या टॉमकॉड माशांमध्ये पीसीबी या विषारी रसायनाला दाद न देणारे जनुक पसरले. मासा वाचला, तरी नदी अजून विषारीच होती.

बाडसाचे बीज तयार करताना नर-माद्या नर्मदेच्या त्याच पट्ट्यातल्या घ्याव्यात, त्यांची संख्या मोठी असावी, दर हंगामात त्या बदलाव्यात आणि कोणती पिल्ले कुठे सोडली याची नोंद ठेवावी. जनुकीय तपासणीचे नमुने म्हणून पंखाचा छोटा तुकडा पुरतो. मासा जिवंत परत सोडता येतो.